काउंटरवर वय कोण विचारणार? हिंसक गेम आणि कायद्याची सत्तर वर्षे

  

आजचा विषय आहे लहान मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकण्यावर बंधन घालणारे कायदे. इतिहासाच्या मालिकेत मोबाइल गेम कुठून आला, असे काही जणांच्या मनात येईल. पण या विषयाला सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात गेमपासून होतच नाही. ती होते चित्रांच्या पुस्तकांपासून. तिकडे वळण्याआधी आपल्या छत्तीसगडची एक घटना सांगतो, म्हणजे आपण नेमके काय शोधतो आहोत ते लक्षात येईल.

२०२१ साली कांकेर जिल्ह्यातल्या एका घराची बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत आली होती. बँक खात्यातून ३ लाख २२ हजार रुपये गेले होते. घरच्यांना वाटले, ऑनलाइन फसवणूक झाली. पोलिसांत तक्रार गेली. तपासात निघाले ते असे, की घरातल्याच १२ वर्षांच्या मुलाने 'फ्री फायर' नावाच्या गोळीबाराच्या गेममध्ये शस्त्रे वगैरे घेण्यासाठी हे पैसे खर्च केले होते. तीन महिन्यांत २७८ वेळा.

आता यात दुकानदार कोण? त्या मुलाला गेम कोणी विकला? त्याचे वय कोणी विचारले? आणि विचारले नाही, तर कोणता कायदा मोडला? या चार प्रश्नांची उत्तरे शोधायला आपण आज निघालो आहोत.

भयकथांची चित्रपुस्तके

गोष्ट १९५०च्या सुमाराची. अमेरिकेत चित्रकथांची, म्हणजे कॉमिक्सची, लाट आली होती. त्यातला एक प्रकार खून, दरोडे, भुते आणि कापाकापीचा. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' हे त्यातले गाजलेले नाव. दहा सेंटला मिळणारी ही पुस्तके शाळकरी मुले हातोहात घेत. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आले. मुले बिघडण्यात या कॉमिक्सचा मोठा हात आहे, असे त्यात ठासून मांडले होते. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने जाहीर सुनावणी घेतली. प्रकाशक घाबरले. सरकारने कायदा करण्याआधी आपणच काही केलेले बरे, म्हणून त्यांनी स्वतःची आचारसंहिता केली आणि मुखपृष्ठावर शिक्का मारायला सुरुवात केली.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. शिक्षक संघटना, चर्च आणि इतर अनेकांनी मोहीम चालवली, आणि १९५५ साली संसदेने थेट कायदाच केला. अशी चित्रपुस्तके मुलांसाठी छापणे-विकणे हा गुन्हा ठरला.

मंडळी, या दोन वाटा लक्षात ठेवा. एक वाट अशी, की सरकार डोळे वटारते आणि व्यापारी स्वतःच पाटी लावतात. दुसरी अशी, की सरकार कायदा करते आणि दुकानदाराला शिक्षा होते. पुढे गेमच्या बाबतीत सगळे जग याच दोन वाटांनी चालत राहिले.

आपला १९५६चा कायदा

आता आपल्याकडे या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. रायपूर तोवर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि रायपूर नव्या मध्य प्रदेशात आले. आपल्या इकडच्या मराठी घरांनी तो दिवस लक्षात ठेवला. पण त्याच वर्षी दिल्लीत आणखी एक कायदा झाला, तो कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. त्याचे नाव 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) ॲक्ट, १९५६'. अल्पवयीनांना हानिकारक ठरणाऱ्या प्रकाशनांचा कायदा.

ब्रिटिश कायद्याची छाप त्यावर स्पष्ट दिसते. गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या, भयानक घटना पूर्णपणे किंवा मुख्यत्वे रंगवणाऱ्या आणि एकूण परिणामाने तरुण वाचकाला बिघडवू शकतील अशा गोष्टींचे प्रकाशन म्हणजे हानिकारक प्रकाशन, अशी त्याची व्याख्या आहे. 'यंग पर्सन' म्हणजे २० वर्षांखालची व्यक्ती. १८ नव्हे, २०. असे प्रकाशन विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सरकारला ते जप्त करण्याचा अधिकार, आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्याची सोय.

म्हणजे बघा, हिंसक मजकूर मुलांना विकू नये असा कायदा आपल्याकडे व्हिडिओ गेम बाजारात येण्याच्याही आधीपासून आहे. अमेरिकेतले कायदेपंडित ज्या प्रश्नावर पुढे अर्धे शतक भांडले, तो आपण १९५६ मध्येच कागदावर सोडवून टाकला होता.

कागदावर म्हणतो, कारण त्याच काळात मराठी वाचनालयांत काय चालले होते ते आठवा. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ऐन भरात होते. प्रत्येक पुस्तकात खून, पिस्तूल, पाठलाग. शाळेच्या पुस्तकात अर्नाळकर लपवून वाचणारी एक अख्खी पिढी होऊन गेली. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि वेताळ घराघरात आला. ठोसा मारून गुन्हेगाराच्या हनुवटीवर कवटीचा शिक्का उमटवणारा वेताळ! कायद्याची व्याख्या अक्षरशः ताणली असती, तर यातले पुष्कळसे तिच्यात ओढता आले असते. पण घरातल्या मोठ्यांना ठाऊक होते, की हे वाचून पोरगा दरोडेखोर होत नाही. फार तर अभ्यास बुडतो. समाजाला जे पटत नाही, ते कायद्याच्या पुस्तकात नुसते पडून राहते.

गेम दिसला, की जुगार आठवतो

मग व्हिडिओ गेम आले. १९८०-९०च्या दशकांत ज्यांचे बालपण गेले त्यांना गल्लीतले पार्लर आठवेल. रायपूर असो, नागपूर असो की बेळगाव, चित्र तेच. अंधारी खोली, तीन-चार मशीन, रुपयाचे टोकन, आणि खेळणाऱ्यापेक्षा मागे उभे राहून सल्ले देणारेच जास्त. 'स्ट्रीट फायटर', 'काँट्रा', आणि ज्याला आपण सगळे 'मुस्तफा' म्हणायचो तो 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. मारामारी सगळ्यांतच.

या पार्लरकडे कायद्याने कसे पाहिले? हिंसा म्हणून नाही, जुगार म्हणून. याचे मूळ आणखी जुने आहे. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा इंग्रजांनी ज्या मोजक्या प्रांतांसाठी केला, त्यांत मध्य प्रांत होता, म्हणजे आपले रायपूरही होते. मुंबई इलाख्याचा वेगळा कायदा १८८७ चा. १८६७ च्या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट होती. तेव्हापासून आपल्या पोलिसांनी आणि न्यायालयांनी कुठल्याही नव्या खेळाला पहिला प्रश्न एकच विचारला: यात नशीब किती आणि कौशल्य किती?

व्हिडिओ गेम पार्लरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य, १९९५. मुद्दा परवान्याचा होता. व्हिडिओ गेमवर सरकार नियंत्रण ठेवू शकते, असे न्यायालयाने सांगितले. पण सगळी चर्चा फिरली ती नशीब आणि कौशल्य याच खुंटीभोवती. पडद्यावरचा माणूस कसा मरतो, आणि ते बघणाऱ्याचे वय काय, हा प्रश्न मध्यभागी आलाच नाही.

पुढे घरोघरी संगणक आले, आणि पायरेटेड सीडी आल्या. 'व्हाइस सिटी' हा २००२ चा गेम आपल्याकडे लाखो मुलांनी खेळला असेल. अमेरिकेत त्याच्या खोक्यावर १७ वर्षांवरील खेळाडूंसाठी असा शिक्का होता. आपल्याकडे खोकेच नव्हते. मार्करने नाव लिहिलेली सीडी पन्नास रुपयांना मिळायची. शिक्का लावायचा तरी कशावर?

सात विरुद्ध दोन

इकडे आपण जुगार शोधत असताना अमेरिकेत हिंसेवर रण माजले होते. १९७६ मध्ये 'डेथ रेस' नावाच्या मशीनमध्ये गाडीखाली माणसासारख्या आकृत्या चिरडायच्या असत. पहिला मोठा गदारोळ त्यावरून झाला. १९९२ मध्ये 'मॉर्टल काँबॅट' आला. त्यात हरलेल्याचा पाठीचा कणा उपसून काढायची सोय होती. निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीत रक्त काढून करड्या रंगाचा घाम दाखवला. सेगाने एक गुप्त संकेत दिला, तो दाबला की रक्त परत यायचे. अर्थात सेगाचा गेम जास्त खपला. डिसेंबर १९९३ मध्ये सिनेटर लिबरमन आणि कोल यांनी सुनावणी घेतली, आणि चाळीस वर्षांपूर्वीचेच नाटक पुन्हा रंगले. कंपन्या घाबरल्या, आणि १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच वयाचे शिक्के देणारे मंडळ काढले. तेच ईएसआरबी.

पण काही राज्यांना शिक्क्यावर समाधान नव्हते. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये कायदा केला. ज्या गेममध्ये माणसाच्या प्रतिमेला ठार मारणे, जायबंदी करणे, अवयव तोडणे असे प्रकार ठरावीक मर्यादेपलीकडे आहेत, तो १८ वर्षांखालच्या मुलाला विकला किंवा भाड्याने दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर. होय, 'टर्मिनेटर'वाले! गेमच्या व्यापाऱ्यांनी लगेच न्यायालय गाठले, आणि कायदा एक दिवसही अमलात आला नाही.

२७ जून २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलेल्या निकालाचा मुद्दा मोठा गमतीचा आहे. ते म्हणतात, मुलांच्या गोष्टींत हिंसा कधी नव्हती? ग्रिम बंधूंच्या परीकथा बघा, होमरचे काव्य बघा. आधी स्वस्त कादंबऱ्यांना दोष दिला, मग सिनेमाला, मग कॉमिक्सना, आता गेमला.

हा युक्तिवाद मराठी माणसाला चटकन पटेल. आपल्या आज्यांनी झोपताना काय सांगितले? नरसिंहाने हिरण्यकश्यपूचे पोट फाडले. भीमाने दुःशासनाच्या रक्ताचा घोट घेतला. शिवजयंतीला सात-आठ वर्षांचे पोर अफजलखानाच्या कोथळ्याचा पोवाडा खड्या आवाजात म्हणते आणि आपण टाळ्या वाजवतो. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे आणि तोफा मांडतो. यातून मुले खुनशी झाली नाहीत.

पण थांबा. दुसरी बाजूही त्याच निकालात आहे, आणि ती सोडून देण्यासारखी नाही. न्यायमूर्ती अलिटो यांनी कायदा रद्द करायला संमती दिली, पण वेगळे मत लिहिले. गेम म्हणजे पुस्तकच, असे घाईने मानू नका, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला. विरोधात गेलेले न्यायमूर्ती ब्रायर यांचा सवाल तर आणखी नेमका होता: १३ वर्षांच्या मुलाला नग्न चित्रांचे मासिक विकणे गुन्हा, आणि त्याच मुलाला माणसाचा छळ करण्याचा गेम विकणे हा मात्र दुकानदाराचा हक्क, हे कसे?

पोवाडा मूल ऐकते. गेममध्ये घोडा ते स्वतः दाबते, आणि मेल्यावर पुन्हा उठून पुन्हा दाबते. शिवाय पोवाडा संपतो. आजचा गेम संपत नाही. तो संपू नये अशीच त्याची रचना असते. कांकेरच्या घटनेतले ते २७८ व्यवहार आठवा. आजीची गोष्ट पुढे ऐकण्यासाठी पैसे भरावे लागत नव्हते.

शिक्षेपेक्षा पाटी

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे दोन आकडे आता सांगतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अल्पवयीन मुलांना गुपचूप गिऱ्हाईक म्हणून दुकानांत पाठवले आणि १७ वर्षांवरील शिक्क्याचा गेम मागायला लावला. २००० साली त्यांतल्या ८५ टक्के मुलांना गेम मिळाला. २०११ साली फक्त १३ टक्के मुलांना. कॅलिफोर्नियाचा कायदा न्यायालयात हरला त्याच वर्षीची ही गोष्ट! कैद-दंड नसतानाही काउंटरवर वय विचारले जाऊ लागले होते. कारण खोक्यावर स्पष्ट शिक्का होता, दुकानदारांच्या संघटनांना इज्जतीची काळजी होती, आणि कोणीतरी मधूनमधून तपासत होते.

जर्मनीने कायद्याची वाट धरली. १९८४ मध्ये 'रिव्हर रेड' हा विमानाचा साधा गेम तिथे मुलांसाठी घातक म्हणून यादीत गेला. आज तो पाहिला तर हसू येईल. पण त्यांनीही वाट सुधारली: २००३ पासून प्रत्येक गेमला वयाचा शिक्का आणि त्याला कायद्याचे बळ. ब्रिटनने २०१२ मध्ये युरोपच्या 'पेगी' शिक्क्यांना कायद्याचा आधार दिला. ऑस्ट्रेलियात गेमसाठी प्रौढांचा वर्गच नव्हता, म्हणून काही गेम सरसकट नाकारले जायचे. २०१३ मध्ये त्यांनी १८ वर्षांवरील वर्ग सुरू केला. मुलांना थांबवायचे, तर मोठ्यांसाठी दार वेगळे हवे, हे त्यांना उमगले.

आपल्याकडे एक तर मोकळे रान, नाही तर बंदी

आणि आपण? २०१९ मध्ये 'पब्जी'चे वेड शिगेला पोहोचले. गुजरातेत राजकोटच्या पोलिसांनी कलम १४४ खाली तो गेम खेळण्यावरच बंदी घातली आणि दहा जणांना अटक केली. त्यांत कॉलेजचे विद्यार्थी होते. बघा, विकणाऱ्याला नाही, खेळणाऱ्याला अटक! मुंबई उच्च न्यायालयात एका ११ वर्षांच्या मुलाच्या नावाने बंदीसाठी याचिका आली. न्यायालयाने केंद्र सरकारच्या मंत्रालयाला गेम तपासायला सांगितले.

२ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी बंद झाला, पण त्याचे कारण वेगळेच होते. सीमेवरचा तणाव, माहितीची सुरक्षा, देशाचे सार्वभौमत्व, आणि ११८ ॲपची यादी. कांकेरच्या बातमीतला फ्री फायर फेब्रुवारी २०२२ मध्ये असाच ५४ ॲपच्या यादीत गेला. मूल आणि हिंसा हा मुद्दा दोन्ही आदेशांत नव्हता.

२०२१ मध्ये पब्जीची भारतीय आवृत्ती आली. तिच्यात रक्ताचा रंग लाल नाही, हिरवा. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये 'कार्मागेडन' या गेममधली माणसे काढून हिरव्या रक्ताची भुते घातली होती, आणि त्यानंतर जर्मनीत 'हाफ-लाइफ'मधल्या सैनिकांचे यंत्रमानव केले होते. रंग बदलून सरकारची समजूत घालायची ही युक्ती जुनी आहे. २०२२ मध्ये ती आवृत्तीही दुकानांतून निघाली, आणि २०२३ मध्ये परतली ती १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन. पण वय सांगायचे कोणी? फोन हातात असलेल्यानेच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, त्यांच्या जाहिरातींवर बंदी, बँकांनी पैसे वळते करण्यावर बंदी. चांगली गोष्ट आहे; अनेक घरे वाचतील. पण धार सगळी पैशाला लागली आहे. हिंसक गेम मुलाला दिला तर शिक्षा, असे त्यात काही नाही. म्हणजे १८६७ ची ती जुगाराची खुंटी अजून तिथेच आहे.

गंमत अशी, की सिनेमाला आपण १९५२ च्या कायद्याने वयाचे प्रमाणपत्र देतो. आता तर त्यात ७, १३, १६ असे टप्पेही आले. ओटीटीवरच्या मालिकांनाही २०२१ च्या नियमांनी वयाची पाटी लागली. फक्त गेमला आपल्या कायद्याची पाटी नाही. फोनवरच्या ॲप दुकानात गेमच्या नावाखाली वय लिहिलेले असते, पण ते कंपनीने भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरते, आणि आपल्याकडे कितीजण ते वाचतात?

आता सुरुवातीच्या चार प्रश्नांची उत्तरे देता येतील. दुकानदार म्हणजे एक ॲप, परदेशातले. गेम फुकट, म्हणून 'विक्री' झालीच नाही. वय कोणी विचारले नाही. कायदाही कोणी मोडला नाही, कारण १९५६ चा कायदा पुस्तकापुरता, १८६७ चा जुगारापुरता, आणि मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत एक १२ वर्षांचा मुलगा आणि त्याची आई एकटी उभी होती.

माझे म्हणणे एवढेच, की कायदा हवा तर तो बंदीचा नको. बंदी येते, महिनाभर गाजते, आणि मूल दुसरा गेम उतरवून घेते. हवी आहे ती पाटी: आपल्या भाषेत, ठळक, खोटी लावली तर कंपनीला दंड होईल अशी. आणि पैसे भरण्याच्या पायरीवर वय विचारणारा कोणीतरी, कारण आजचे काउंटर तेच आहे. तोवर आपण काय करायचे? गेमच्या नावाखालचे वय वाचायचे, फोनमधले खाते मुलाच्या वयाचे करायचे, आणि पैशांचा पासवर्ड आपल्याजवळ ठेवायचा. या तीन गोष्टींना संसदेची वाट बघावी लागत नाही.

तुमच्या घरात, तुमच्या गावात याबद्दल काय अनुभव आहेत ते जरूर कळवा. अर्नाळकर लपवून वाचलेल्यांनीही कळवा! भेटू पुढच्या भागात. नमस्कार.